धरलंस? सोडू?

"हा कुणाचा?"

सरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. कल्याणच्या त्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीत रुजू होऊन मला जेमतेम दोन तास झाले होते. ट्रॉलीवर एक गृहस्थ पोट धरून कण्हत होते आणि दारात एक सडपातळ, पांढऱ्या भुवयांचे आजोबा उभे होते. पायात साध्या चपला, खिशातून डोकावणारं कागदी चिकटपट्टीचं रीळ. मला वाटलं, नातेवाईक असतील.

"सर्जरीचा," मी म्हटलं. "आजोबा, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

"सर्जरी? ही कोण बाई? मी ओळखत नाही हिला."

मागून इनचार्ज सिस्टरनी डोळे मोठे केले तेव्हा मला कळलं, की हेच आपले मेडिसिनचे मोठे सर. मी घाईघाईने सर्जन सरांचं नाव सांगितलं. सरांनी खिशातलं रीळ काढलं, बोटभर पट्टी फाडली, तिच्यावर बॉलपेनने ते नाव लिहिलं आणि त्या गृहस्थांच्या मनगटावर चिकटवून दिली. मग त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "काका, हे तुमचे डॉक्टर. दुसऱ्या कुणी 'बघतो' म्हटलं तर हात पुढे करायचा."

आमच्याकडे फाइलवर पहिल्याच पानावर एक रकाना होता, 'अंडर' असा. तातडीने आलेला पेशंट दाखल करताना तो कुठल्या मोठ्या डॉक्टरच्या नावे आहे हे तिथे लिहायचं. एवढं असताना पट्टीची काय गरज, असं सगळेच विचारायचे. सर म्हणायचे, "फाइल एक्स-रेला जाते, ऑफिसात जाते, कुणाच्या तरी काखेत राहते. मनगट पेशंटपाशीच राहतं."

हे झालं पेशंटचं. पण "हा कुणाचा?" ते कशालाही विचारायचे. कँटीनमधला निवत चाललेला चहा, जिन्यात राहिलेली छत्री, खुर्चीवर पडलेला स्टेथोस्कोप. ओपीडीच्या बाकाखाली एक मांजर झोपायची. ती कुणाची, हे कुणालाच सांगता येईना, तेव्हा सरांनी बाकाच्या पायाला स्वतःच्या नावाची पट्टी लावली आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यातली पोळी तिला घालायला लागले. लिफ्ट ते वापरत नसत. जिन्यात माणसं भेटतात, लिफ्टमध्ये नुसते आकडे, असं त्यांचं म्हणणं.

दुपारी दोनला ते शहाडला घरी जायचे, रिक्षाने. आणि चार वाजता कॅज्युअल्टीतला फोन वाजायचा. त्यांच्याकडे बटणांचा जुना मोबाइल होता, मागचं झाकण सुटू नये म्हणून रबरबँड घातलेला.

"माझे सगळे आहेत ना?"

सिस्टर मग एकेक नाव वाचून दाखवायच्या. कुणी घरी गेला असेल तर न्यायला कोण आलं होतं तेही सांगावं लागायचं. आम्ही ज्युनिअर मंडळी त्यांची हुबेहूब नक्कल करायचो. डबा उघडताना कुणीतरी चिरक्या आवाजात "माझे सगळे पराठे आहेत ना?" म्हणायचा आणि आम्ही हसून लोटपोट. मीही हसायचे, पण मला आतून बरं वाटायचं. मी मुळात धास्तावलेली बाई. डोंबिवलीच्या घरून निघताना गॅसचं बटण तीनदा बघते, कुलूप ओढून पाहते आणि जिना उतरून परत वर येते. माझ्याहून जास्त काळजी करणारा कुणी या जगात आहे, हा केवढा आधार!

सरांनीही मला लगेच ओळखलं होतं. एकदा म्हणाले, "तू घाबरट आहेस. चांगलं आहे. डॉक्टरने घाबरटच असावं. फक्त घाबरून घाईत 'हो' म्हणत जाऊ नकोस."

ड्युटी बदलताना आपले पेशंट दुसऱ्याच्या हवाली करायचे असतात. त्याची सरांची एक खास पद्धत होती. नुसतं "सांगितलंय", "कळवलंय" त्यांना चालायचं नाही. देणाऱ्याने विचारायचं, "धरलंस? सोडू?" आणि घेणाऱ्याने पेशंटपाशी उभं राहून म्हणायचं, "धरला. सोड." हे शब्द तोंडाने उच्चारल्याखेरीज ते जागचे हलायचे नाहीत. नवीन मुलांना लाज वाटायची. एक जण तर पेशंटसमोर नाटकातल्यासारखं "धरला, महाराज!" म्हणाला होता. सर म्हणाले, "महाराज राहू दे. हात कुठे आहे तुझा?"

ही पद्धत कुठून आली, ते मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "एसटी स्टँडवरून. आपल्या कल्याणच्याच. मुरबाडची गाडी लागली होती, ही गर्दी. एका बाईला दारातून चढता येईना. तिची बहीण आत खिडकीपाशी बसलेली. तर हिने काय करावं? तान्हं मूल उचललं आणि खिडकीतून आत दिलं. खाली डांबर, वर खिडकी, मध्ये ते पोर. ती खालून ओरडली, 'धरलंस? सोडू?' आतली म्हणाली, 'धरलं गं, सोड.' तेव्हा कुठे हिने हात काढले. मी बघतच राहिलो. अगं, मला एमडीला हे कुणी शिकवलं नव्हतं."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या चष्म्याच्या घरात, आतल्या मखमलीवर, एक जुनी पिवळी पडलेली पट्टी चिकटवलेली होती. कोरी. एकदा मी त्यांच्याच थाटात विचारलं, "सर, ही कुणाची?"

"एका माणसाची. मी तुझ्याएवढा होतो तेव्हा आलेला."

"मग नाव का नाही?"

"दोन डॉक्टर होते. मला वाटलं ते बघतील, त्यांना वाटलं मी बघीन," सर म्हणाले आणि घर मिटून खिशात टाकलं. पुढे विचारायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर साधारण वर्षभराने ती मावशी आली.

दुपारचे बारा वाजत होते. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, साठीची, अंगाने थोराड. मासळी विकायला बाजारात बसलेली असताना तिला घाम फुटला आणि उलटी झाली. लेक तिला रिक्षात घालून घेऊन आली होती. मावशीच्या हातांवर मासळीचे खवले अजून चिकटलेले होते.

"पोटान जलतंय गो," ती मला म्हणाली. "थोरं औशद दे नी सोड मना. पाटी तशीच टाकून आयलंय."

लेक म्हणाली, "आयस कवा झोपून रवत नाय, डॉक्टर. आज झोपली म्हून मना भ्याव वाटलं."

पोटाच्या वरच्या भागात दुखत होतं. पित्ताशय असू शकतं, म्हणजे सर्जन सर. पण घाम मला आवडला नाही. असं दुखणं कधीकधी हृदयाचंही असतं, म्हणजे मोठे सर. मी ईसीजी काढला. तो धड वाईट नव्हता, धड चांगलाही नव्हता. अर्ध्या तासाने परत काढायला हवा असा होता. रक्त तपासायला पाठवलं. आणि फाइलवर 'अंडर'च्या रकान्यात मी दोन्ही नावं लिहिली. सर्जन सरांचं, मग एक तिरकी रेघ, मग मोठ्या सरांचं.

सिस्टरनी फाइल पाहून म्हटलं, "मॅडम, ही रेघ कशाला? एक काय ते ठरवा. दोन घरचा पाहुणा उपाशी."

"दोघांनीही बघायला हवंय हो," मी म्हटलं. मला वाटत होतं, मी जास्त काळजी घेतेय. एकाऐवजी दोन.

सर्जन सर ऑपरेशनमध्ये होते. मी ईसीजीचा फोटो आणि चार ओळी हॉस्पिटलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या. दहा मिनिटांनी त्यांचा अंगठा आला. मोठे सर त्या ग्रुपवर नव्हते, बटणांच्या फोनवर ग्रुप कुठला असायला? एक वाजता मावशीला वरच्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात हलवलं. पट्टी लावायची राहिली. कुणाच्या नावाची लावायची तेच ठरलं नव्हतं.

दोन वाजता सर घरी जायला निघाले आणि मला जिन्यात भेटले. मीही ड्युटी संपवून खाली येत होते. पुढच्या डॉक्टरला मी "दोन्ही सरांना सांगितलंय" एवढं म्हटलं होतं, तो "ओके" म्हणाला होता.

"काय नवीन?" सरांनी विचारलं.

"एक मावशी आहेत सर, पोटात दुखतंय. ईसीजी जरा तसा आहे. सर्जन सरांनी बघितलंय."

"बघितलंय की धरलंय?"

माझ्या डोळ्यांसमोर तो अंगठा आला. पिवळा, टुमटुमीत. अंगठा म्हणजे काय, असा प्रश्न मला त्या क्षणी पडलाच नाही. सरांच्या चपलेचा एक पाय खालच्या पायरीवर होता, रिक्षा थांबली असणार, मलाही घरी जायचं होतं.

"धरलंय, सर."

"नक्की?"

"हो, सर."

ते गेले. मी स्टेशनकडे चालायला लागले. पुलापाशी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात गॅसचं बटण सुरू झालं. धरलंय असं कोण म्हणालं? सर्जन सर म्हणाले का? ते तर काहीच म्हणाले नाहीत. मी फोन काढला आणि तो अंगठा पुन्हा पाहिला. मग वॉर्डात फोन लावला. कुणी उचलेना. पुन्हा लावला. मला वाटलं, आपण उगीच घाबरतोय, नेहमीसारखं. घरी जाऊन जेवावं. हा विचार मी पुलाच्या पायऱ्यांवर उभं राहून किती वेळ केला ते आजही मला सांगता येणार नाही. वीस मिनिटं असतील, जास्तही असतील. शेवटी मी परत फिरले.

वॉर्डात पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते आणि मावशीच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. पुढचा डॉक्टर तिच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होता. मी त्याच्या जागी आले, मग तो माझ्या जागी. सिस्टरनी परस्पर शहाडला फोन केला होता. सर रिक्षाने आले, धापा टाकत जिना चढले आणि त्यांनीही दाब दिला. चार वाजायच्या आत सगळं संपलं.

रक्ताचा रिपोर्ट दीड वाजताच आला होता. तो फाइलला व्यवस्थित टाचलेला होता. हृदयाचाच त्रास आहे, असं त्यात स्वच्छ दिसत होतं. पुढच्या डॉक्टरला वाटलं, दोन-दोन सरांना माहीत आहे. दुसरा ईसीजी कुणीच काढला नव्हता.

सर्जन सर टोपी काढत वर आले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांचाही चेहरा उतरला होता. "अरे, मी अंगठा टाकला तो 'मेसेज पाहिला' म्हणून. हार्टचं आहे तर मेडिसिनवाले बघणारच, असं वाटलं मला. नाव तर दोघांचं आहे ना फाइलवर?"

मोठ्या सरांनी फाइल उघडली आणि त्या तिरक्या रेघेकडे बघत राहिले. मी भिंतीला टेकून उभी होते. खरं सांगते, माझ्या मनात तेव्हा मावशी नव्हती. माझी नोकरी होती, माझी पदवी होती, लोक काय म्हणतील ते होतं. याची लाज मला नंतर वाटली, अजून वाटते.

वॉर्डातल्या औषधांच्या टेबलापाशी सर स्टुलावर बसले. खिशातून रीळ काढलं, पट्टी फाडली आणि माझ्यापुढे धरली.

"नाव लिही."

"आता, सर?" मी म्हटलं. "आता काय उपयोग?"

"बाहेर तिची लेक बसलीय. ती विचारेल, आई कुणाची पेशंट होती. ती कुणाचीच नव्हती, असं सांगणार आहेस तिला?"

"कुणाचं लिहू?"

"ते मी कसं सांगू?"

मी पेन घेतलं आणि माझं नाव लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं, की मलाच वाचता येईना. सरांनी ते पाहिलं. मग माझ्या हातातून पेन घेऊन खाली स्वतःचं नाव लिहिलं. मध्ये रेघ नाही, एकाखाली एक.

"तुम्ही कशाला सर? मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"दोनदा विचारलं मी तुला. म्हणजे मला शंका होती. शंका होती तर वर जायला किती पायऱ्या होत्या?" ते म्हणाले. "वीस. मी खाली गेलो."

त्यांनी मला झापलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पट्टी मी मावशीच्या मनगटावर लावली. खवल्यांमुळे ती नीट चिकटत नव्हती. मी माझ्या ओढणीने तो हात पुसला आणि पुन्हा लावली.

मग आम्ही बाहेर गेलो. सर माझ्या मागे एक पाऊल उभे राहिले, पुढे आले नाहीत. मी लेकीसमोर बसले आणि म्हटलं, "मी तुमच्या आईची डॉक्टर. आई गेली. ती ज्यांच्या हवाली करायची होती, त्यांनी तिला घेतलंय की नाही हे मी न बघताच गेले. चूक माझी आहे."

"आमची," सर मागून म्हणाले.

ती रडली नाही. मग तिने विचारलं, "आय वर तरफरत व्हती, मी किती जनांना बोल्लू, कुनी ये. सगली बोलत, तुमचे डॉक्टर येतील. तूच डॉक्टर व्हतीस तं तू कुठं व्हतीस?"

मी स्टेशनच्या पुलावर होते. मी तिला ते तसंच सांगितलं.

पुढे चौकशी झाली. सरांनी कागदावर तेच लिहून दिलं, जे तोंडाने सांगितलं होतं, आणि मीही. मला ताकीद मिळाली. फाइलवरचा रकाना बदलला, एकच नाव मावेल एवढा लहान केला. सरांना पत्र आलं की वय पाहता त्यांनी आता विश्रांती घ्यावी. ते म्हणाले, "बरोबर आहे." निघताना मांजरीच्या बाकाची पट्टी त्यांनी सोलून काढली आणि सिस्टरना विचारलं, "धरलीत? सोडू?" सिस्टर रडत-रडत हो म्हणाल्या. मला काय देतील असं वाटलं होतं. काही दिलं नाही. नुसते म्हणाले, "घाबरत राहा."

मी आता ठाण्यात काम करते, टेंभी नाक्यापासून जवळच. माझ्या खिशात रीळ असतं. पोरं माझी नक्कल करतात हे मला माहीत आहे. परवाच पॅन्ट्रीतून आवाज आला, "माझे सगळे समोसे आहेत ना?" गॅसचं बटण मी आता तीनदा नाही, पाचदा बघते. दर नव्या पेशंटच्या वेळी मला तो जिना आठवतो, आणि कुणी "सांगितलंय मॅडम" म्हटलं, की छातीत धडधडतं. ही भीती जावी असं मला आता वाटत नाही.

यंदा नवरात्रात नाक्यावर देवीच्या दर्शनाला गर्दी होती, रिक्षा निघत नव्हत्या. दुपारी दर्शनाच्या रांगेतून एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांना जवळजवळ उचलूनच कॅज्युअल्टीत घेऊन आली. त्यांना दम लागला होता, ओठ काळे-निळे. मी ऑक्सिजन लावला, शिरेत सुई घातली, आणि सवयीने आमच्या पोरांवर ओरडले, "हे कुणाचे? नाव ठरवा!" कुणीतरी म्हणालं, मॅडम, छातीचे सर पण आहेत, हार्टचे पण आहेत, दोघांना कळवतो. मी खिशातलं रीळ काढलं.

ती पट्टी पाहून बाई एकदम थांबली. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मीही पाहिलं. ती मावशीची लेक होती. केस पिकले होते, पण डोळे तेच. मला वाटलं, आता ती वडिलांना उचलून दुसरीकडे नेणार. मला तिला दोष देता आला नसता.

तिने वडिलांचा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला.

"बापूस हाय माजा," ती म्हणाली. "याचे हातावं तुजं नाव लाव. दुसऱ्या कुनाचं नको. तू तरी बोल्लीस व्हती, माजी पेशंट म्हून."

मी नाव लिहिलं. अक्षर पुन्हा वाकडं आलं.

त्यांना आयसीयूत हलवलं, छातीच्या सरांना पलंगापाशी उभं करून दाखवलं, हार्टच्या सरांनाही दाखवलं, आणि दोघांनाही सांगितलं की मत तुमचं, माणूस माझा. मग मी कोपऱ्यात आले आणि शहाडला फोन लावला. सर आता फार थकलेत, कमी ऐकू येतं. मी जवळजवळ ओरडूनच सगळं सांगितलं. कोण आलंय, कुणाचे वडील, काय म्हणाली. बोलता बोलता मला रडू फुटलं.

पलीकडून नुसती खरखर ऐकू आली. रबरबँडवाला फोन बंद पडला की काय, असं वाटायला लागलं.

"धरलास?" त्यांनी विचारलं.

"धरला, सर."

"नक्की?"

मी मान वळवून पाहिलं. मी कोपऱ्यात होते, पलंग तिथून दहा पावलांवर होता.

"मग फोनवर काय करतेयस?" सर म्हणाले. "जा तिकडे."